पागुमेचे पाच दिवस

तिर १३, २००२

ही वही भारतातून आलेल्या यंत्राच्या खोक्यात सापडली. तारांच्या भेंडोळ्याखाली, प्लास्टिकात गुंडाळलेली. निळा पुठ्ठा आणि आत प्रत्येक पानावर त्यांची तारीख छापलेली. आजच्या पानावर २१ जानेवारी २०१० आहे. मी त्यावर बारीक रेघ मारून शेजारी आपली तारीख घातली; आपलं वर्ष त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. आमच्या गावच्या शाळेत मिस्टर कुरियन नावाचे भारतीय मास्तर दोन वर्षं गणित शिकवून गेले. ते म्हणायचे, कागदावर आधी तारीख, मग अक्षर. तारीख नसलेला कागद अनाथ असतो. मी आजवर एकही कागद अनाथ सोडलेला नाही.

आज आमच्या वेयनअंबाच्या सरकारी रुग्णालयात यंत्राचं उद्‌घाटन झालं. छपरावर पांढरी तबकडी बसली आहे. ती आकाशातून थेट भारतातल्या एका मोठ्या रुग्णालयाशी बोलते. भिंतीवर दोन्ही देशांचे झेंडे लावले होते. राजधानीहून आलेले साहेब म्हणाले, "श्रीमंतांच्या दारात उभं राहायचे दिवस संपले. आता गरीबच गरिबाला हात देणार." माझ्याबरोबर नोंदणीत बसणारा गेताहुन माझ्या कानाशी लागला. "गाशे, दोन रिकामे हात एकत्र आले की टाळी तरी वाजते, नाही का?" थोरल्या भावाला म्हणावं तसं तो मला गाशे म्हणतो आणि मग हवी तशी थट्टा करतो.

पडद्यावर तिकडचे चष्मेवाले डॉक्टर दिसले. त्यांनी विचारलं, आवाज येतोय का? खोलीतली चाळीस माणसं एकदम ओरडली, "येतोय!" ते दचकून मागे सरले. सगळे हसले, मीही हसलो.

दर सहा महिन्यांनी आमच्या भागातली सहा मुलं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तिकडे जाणार आहेत. मुलाची फाईल यंत्रात पूर्ण भरली की हिरवी खूण उमटते आणि फाईल तिकडे पोचते. एक रकाना जरी राहिला तरी लाल खूण, आणि फाईल इथेच. पाठवायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. मला शिकवायला आलेला इंजिनिअर, मिस्टर सुहास, आज परत गेला. तिशीतला, हसरा मुलगा. आमची मिरची खाऊन डोळे पुसत, माझ्या नावाआधी आमचा 'अतो', म्हणजे श्रीयुत, लावून म्हणाला, "अतो झेलेके, आता या खोलीचे राजे तुम्ही."

प्रभू, हे काम माझ्या हातून चोख होऊ दे.

तिर २०

यंत्रात महिन्यांना आपली नावं आहेत, याचं पहिल्या दिवशी मला कौतुक वाटलं होतं. आज नीट पाहिलं. त्यांनी स्वतःच्याच महिन्यांवर आपल्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मेस्केरेमला एकतीस दिवस, तिकिम्तला अठ्ठावीस. आपले सगळे महिने तिसाचे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आणि यादी बाराव्या नेहासेवर संपते. तेरावा पागुमे नाहीच. वर्षाच्या टोकाचे ते पाच दिवस त्यांनी कुठे टाकले कोणास ठाऊक.

गेताहुनला दाखवलं. तो म्हणाला, "तिकिम्त तीसच्या एका म्हातारीला मी काल दोन दिवसांनी मोठी केली. तिची काही तक्रार नाही."

"आणि पागुमेवाले?"

"त्यांना नेहासे तीस. देव काही रजिस्टर तपासायला येत नाही, गाशे."

"येतो," मी म्हणालो.

तिर २८

रुग्णालयाच्या फाटकाशी देब्रितू कॉफी विकते. नवरा रस्त्याच्या कामावर लांब असतो, वर्षातून दोनदा येतो. माझी बायको अस्कालेच हिची ती बालमैत्रीण. मला ती दादा म्हणते आणि तिसरा कप घेतल्याशिवाय उठू देत नाही. "पहिले दोन प्यायला असतात. तिसरा आशीर्वादाचा. तो टाकून उठलात तर दोष मला लागतो."

तिची मुलगी वुबित नऊ वर्षांची आहे. तिम्केतच्या सणाला मिकाएलच्या देवळाची चढण चढताना ती तीनदा खाली बसली. आज आमच्या डॉक्टर रेदिएत यांनी तिच्या हृदयाचं चित्र काढलं. लहानपणी घसा आणि सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आक्रसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अतो झेलेके, ही पहिल्या सहांत गेली पाहिजे. तिला थांबायला वेळ नाही."

वुबित माझ्या खोलीत उंच खुर्चीवर बसून पाय हलवत होती. मी नाव भरलं. वर्ष १९९२ भरलं. महिन्याशी हात थांबला.

तिची जन्मतारीख मला ऐकून माहीत नाही, मी तिथे होतो. पागुमे तीन, देवदूत रुफाएलचा दिवस. त्या दिवशी आकाश उघडतं आणि पडणारं पाणी तीर्थ असतं. बाहेर पोरं पावसात नाचत होती, आत हिचा पहिला आवाज आला. ऐंशीव्या दिवशी अस्कालेचनेच तिला बाप्तिस्म्याला उचलून धरलं, तिची धर्ममाता झाली. पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचं नाव ठेवलं वलत्ते-रुफाएल, रुफाएलची लेक. दुसरी कुठलीही तारीख तिची असूच शकत नाही.

"काय झालं, काका?"

"यंत्राला तुझा महिना ठाऊक नाही."

"म्हणजे मी जन्मलेच नाही?"

"जन्मलीस ग."

"मग सांगा की त्याला! तुम्ही राजे ना या खोलीचे?"

रकाना रिकामा ठेवला. लाल खूण आली. तिला ती आवडली. म्हणाली, टोमॅटोसारखी आहे.

येकातित २

काल मोठा उपवास सुरू झाला. आज मिस्टर सुहासला सविस्तर पत्र लिहिलं: यंत्रात पागुमे घालावा, तिकिम्त तिसाचा करावा. यादी मेगाबित वीसला बंद होणार. दीड महिना आहे. तेवढ्यात होईल.

गेताहुन पत्र वाचून म्हणाला, "एवढं लिहिण्यापेक्षा नेहासे तीस टाका आणि मोकळे व्हा."

त्याला मी कारण सांगितलं नाही. इथे लिहितो.

लष्करी राजवटीच्या काळात मी गावच्या शेतकरी संघाचा कारकून होतो. पोरं लढाईला न्यायला अधिकारी आला. माझा मावसभाऊ अयेनेव सोळा वर्षांचा होता. अधिकारी म्हणाला, अठरा लिही. मी घाबरलो. १९६१ खोडून १९५९ लिहिलं. फक्त साल बदललं. तो उत्तरेला गेला, परत आला नाही. मावशी मरेपर्यंत मला विचारायची, "तुझ्या कागदात काय लिहिलं होतं रे, की त्यांनी माझ्या लेकराला नेलं?" मी मिकाएलसमोर नवस बोललो: या हाताने पुन्हा खोटी तारीख लिहिणार नाही. पंचवीस वर्षं पाळला आहे.

लहान खोटं, मोठं खोटं, असं काही नसतं. खोट्या तारखेने माणूस मरतो, हे मी पाहिलं आहे.

येकातित १७

उत्तर आलं! मिस्टर सुहास लिहितो: "तुमचं निरीक्षण अत्यंत मोलाचं आहे. विनंती क्रमांक ४४१७ म्हणून नोंदवली आहे. तुमच्या पंचांगाबद्दल सविस्तर टिपण पाठवू शकाल का?" घरी अस्कालेचला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आणि वुबितचं काय?"

"तिचंच तर हे काम आहे."

देब्रितूला सांगितलं, भारतातून उत्तर आलं. तिने डोळ्यांना पदर लावला, मग माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. कॉफीचे पैसे घेईना. तिसरा कप तिने काठोकाठ भरला.

मेगाबित ४

पंचांगाचं टिपण पूर्ण झालं. अकरा पानं. प्रत्येक महिन्याचे दिवस, सण, संतांचे दिवस, चार वर्षांनी पागुमेला येणारा सहावा दिवस, सगळं घातलं. इतकं नीट मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. मिस्टर कुरियन असते तर त्यांना दाखवलं असतं.

डॉक्टर रेदिएत वऱ्हांड्यात घाईत भेटल्या. त्या तीन आठवडे प्रशिक्षणासाठी राजधानीला निघाल्या आहेत. "वुबितचं पाठवलंत ना?"

"पाठवलं आहे. उत्तराची वाट पाहतोय."

"देवाची कृपा," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

मी खोटं बोललो नाही. पत्र पाठवलं आहे, टिपण पाठवलं आहे, उत्तराची वाट खरोखरच पाहतो आहे.

मेगाबित १९

उद्या यादी बंद. उत्तर नाही. दिवसभर तबकडी चालू ठेवली. गेताहुन दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आज थट्टा नव्हती.

"गाशे, पासवर्ड द्या. मी भरतो. पाप माझ्या डोक्यावर."

"पाप असं वाटून घेता येत नाही, गेताहुन."

"मग पोरीचं काय घ्यायचं वाटून?"

त्याचा आवाज चढला. मी म्हणालो, रुफाएल आपल्या लेकीची काळजी घेईल. तो म्हणाला, "रुफाएलकडे पासवर्ड आहे का?"

असं बोलू नये. उपवासात तर नाहीच. त्याच्यासाठी प्रार्थना केली.

मेगाबित २१

सहा नावं आली. सहाही मुलं ओळखीची, सगळी गरजू. देवाने त्यांना निवडलं. देब्रितूला सांगितलं, या खेपेला नाही, पुढच्या खेपेला. ती थोडा वेळ कप पुसत राहिली. मग मलाच म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, दादा. तुम्ही काय करायचं बाकी ठेवलंत?"

मेगाबित २६

ख्रिस्त उठला. पंचावन्न दिवसांनी घरात कोंबडीचा रस्सा शिजला. वुबितला देवळात आणलं नाही, चढण जमत नाही. अस्कालेच तिच्यासाठी डब्यात घेऊन गेली. परत येऊन म्हणाली, "दोन घास खाल्ले. उशीला टेकून बसते, आडवी झाली की दम लागतो."

मियाझिया १५

मिस्टर सुहासचं मोठं पत्र. टिपणाबद्दल फार चांगलं लिहिलं आहे; त्याच्या साहेबांनी ते छापून भिंतीला लावलं. पुढे लिहितो: "खरं तर मलाच लाज वाटते. आमच्याकडेही दर तीन वर्षांनी एक महिना जादा येतो. यंदा तो आत्ताच चालू आहे, आई रोज संध्याकाळी त्याचा दिवा लावते. घरात तेरावा महिना असून यंत्रात घालायचं मला सुचलं नाही. माझ्या भाषेत एक म्हणही आहे, दुष्काळात तेरावा महिना. गंमत म्हणून लिहिली. काम रांगेत आहे, पावसाळ्यानंतर नक्की."

म्हण समजली नाही. आमचा तेरावा महिना म्हणजे पावसाची अखेर, पिवळी फुलं, नव्या वर्षाची चाहूल. तो दुष्काळाला का जोडावा?

मी कळवलं, घाई आहे, एक मूल थांबलं आहे. त्यावर दोन ओळी आल्या: ही विनंती इतर कुठल्या देशातून आलेली नाही, म्हणून तिचा क्रम खालचा आहे, तो वर आणायचा प्रयत्न करतो.

गिनबोत ९

सहा मुलं निघाली. फाटकाशी आया रडत होत्या. देब्रितूने सगळ्यांना फुकट कॉफी दिली. वुबित तिच्याशेजारी स्टुलावर बसून जाणाऱ्यांना हात हलवत होती. पावलं सुजली आहेत, चपलेचा पट्टा लागत नाही.

"काका, विमानात तेरा महिने असतात का?"

"विमानात महिने नसतात ग."

"मग बरं. मला चालेल."

तिची आई हसली. मीही हसलो. 

सेने १२

मिकाएलचा मोठा उत्सव. देवळामागच्या जुन्या झाडाखाली अबा वोर्कू बसले होते. माझी पापं ऐकणारे पाद्री, माझे आत्म्याचे पिता; पंचवीस वर्षांपूर्वीचा नवस त्यांच्यासमोरच झालेला. इतके महिने त्यांना विचारलं नव्हतं. का नाही, ते सांगता येत नाही. मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं.

सगळं सांगितलं. ते ऐकत काठीने मातीत रेघोट्या ओढत राहिले.

"लेका, पोरगी कधी जन्मली ते देवाला माहीत आहे?"

"आहे, अबा."

"तिच्या आईला?"

"आहे."

"मग कोणाला सांगायचं राहिलं? त्या डब्याला?" ते हसले नाहीत. "नवस तू देवाशी बोललास. तो तुझ्या हाताला घातलेला लगाम होता. तू तो पोरीच्या गळ्यात कधी टाकलास?"

मी म्हणालो, मला पाप नको होतं.

"तुला नको होतं," ते म्हणाले. "तुला." मग डोक्यावर क्रूस ठेवून मला नवसातून मोकळं केलं आणि म्हणाले, "सोमवारची वाट पाहू नकोस."

मी धावत गेलो. रुग्णालयात वीज नव्हती. कालही नव्हती.

सेने १४

वीज आली. नेहासे ३०, १९९२. टिचकी मारायला किती वेळ लागतो? हिरवी खूण आली. 

सेने १६

तिकडच्या चष्मेवाल्या डॉक्टरांचं उत्तर दोन दिवसांत आलं. "चित्र तिर महिन्यातलं आहे. एवढी गंभीर फाईल पाच महिने का अडकली? ताबडतोब नवं चित्र काढा."

डॉक्टर रेदिएत माझ्या टेबलासमोर कागद धरून उभ्या राहिल्या. त्या माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या आहेत.

"पाठवल्याची तारीख सेने चौदा आहे, अतो झेलेके. तुम्ही मेगाबितमध्ये म्हणालात, पाठवलं. मला वाटलं, तिकडेच निवड झाली नाही."

"पत्र पाठवलं होतं."

"मी पत्राचं विचारलं होतं?"

मी यंत्रात पागुमे नसल्याचं सांगायला लागलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. दार उघडंच टाकून गेल्या.

हामले ३

नवं चित्र तिकडे गेलं. उत्तर: हृदय फार ताणलं आहे, फुप्फुसांत दाब वाढला आहे. आधी औषधांनी अंगातलं पाणी उतरवावं. पुढच्या, मेस्केरेमच्या यादीत पहिलं नाव हिचंच.

पहिलं नाव. देब्रितूला सांगितलं तेव्हा तिने जमिनीला कपाळ लावलं.

संध्याकाळी गेताहुनची बायको आमच्याकडे येऊन गेली. जेवताना अस्कालेचने मला वेगळ्या ताटात वाढलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आम्ही एकाच ताटात जेवतो. तिला बरं नसावं.

हामले १९

गॅब्रिएलचा दिवस. अजून वेगळं ताट. विचारलं, पोट दुखतं का? म्हणाली, "नाही."

नेहासे १३

पोरं सणाची गाणी म्हणत दारोदार भाकरी मागत फिरत आहेत. वुबित आठ दिवसांपासून वॉर्डात आहे. मी भाकरी घेऊन गेलो. ओठ जांभळे झाले आहेत. बोलताना मध्येच थांबते, पण बोलते.

"काका, यंत्र शिकलं का माझा महिना?"

"शिकतंय."

"ढ आहे." थोडा दम घेतला. "मी एका दिवसात शिकले होते. तेरा नावं. आईने कॉफी भाजता भाजता शिकवली."

"म्हणून दाखव बरं."

तिने डोळे मिटून सुरुवात केली. मेस्केरेम, तिकिम्त, हिदार. मियाझियाशी थांबली. म्हणाली, उरलेले उद्या.

नेहासे २२

सकाळी वुबित गेली. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डॉक्टर रेदिएत बाहेर येऊन भिंतीला कपाळ लावून उभ्या राहिल्या.

दुपारीच मिकाएलच्या आवारात तिला ठेवलं. पाऊस नव्हता.

नेहासे २९

दुखवट्याच्या मांडवात सात दिवस माणसं येत होती. तिचा बाप काल पोचला. रस्त्याच्या कामाचा चिखल बुटांवर तसाच. देब्रितूने त्याला माझ्यासमोर आणलं आणि म्हणाली, "हेच ते दादा. आपल्या पोरीसाठी यांनी भारतात केवढी पत्रं लिहिली! सख्खा भाऊ करणार नाही." त्याने वाकून दोन्ही हातांनी माझा हात धरला. हात खडबडीत होता. तो मी सोडवून घेऊ शकलो नाही, आणि धरूनही ठेवू शकलो नाही.

अस्कालेच शेजारीच होती. तिने मान वळवली.

प्रभू, तुझ्या इच्छेपुढे माणसाचं काय चालतं? असं मी लिहिलं आहे. पुन्हा वाचलं. ते तुझ्यावर ढकलल्यासारखं दिसतं.

पागुमे १

यंत्रात तेरावा महिना आला.

सकाळी उघडलं तर यादीत नेहासेखाली 'पागुमे', आणि त्यात पाचच दिवस. तिकिम्तही तिसाचा झाला. मिस्टर सुहासचं पत्रही आहे. त्याच्या ओळी इथे उतरवतो:

"प्रिय अतो झेलेके, विनंती ४४१७ पूर्ण. तुमच्या टिपणामुळे तुमच्या देशातल्या आणखी चाळीस रुग्णालयांचं काम आमच्या कंपनीला मिळालं. आमच्या साहेबांनी सभेत तुमचं नाव घेतलं. दोन देशांनी एकमेकांकडून शिकायचं ते हेच. ते थांबलेलं मूल आता बरं असेल अशी आशा. एक सांगतो, रागावू नका. फाईल पुढे जायला आम्ही फक्त जन्माचं वर्ष बघतो. दिवस-महिन्याचा रकाना नुसता भरलेला लागतो, तो इकडे कोणी वाचतही नाही. काहीही टाकलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही हट्ट धरलात म्हणून काम नीट झालं."

मी पत्र तीनदा वाचलं. गेताहुनने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि काही न बोलता आपल्या टेबलाशी गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पागुमे ३

रुफाएल. छापील तारीख ८ सप्टेंबर. या वहीत या दिवसाला पहिल्यापासून पान होतं. मी आधी पाहिलं नव्हतं.

दुपारनंतर पाऊस सुरू झाला. आवारात पोरं उघडी होऊन नाचायला लागली. परिचारिका हात पसरून चेहरे धुऊन घेत होत्या. देब्रितू आज पहिल्यांदा फाटकाशी परत आली होती. वऱ्हांड्यात शेगडी मांडून तिने मला बोलावलं. पहिला कप दिला. म्हणाली, "यंत्रात आता तो महिना आला म्हणे? माझ्या पोरीची तारीख नीट करून द्याल? आज तिला दहा वर्षं पूर्ण झाली असती."

तिला खोलीत नेलं. फाईल उघडली. नेहासे ३० खोडून पागुमे ३ भरलं. यंत्राने लगेच घेतलं, हिरवी खूण आली. तिने पडद्यावर बोट ठेवलं, त्या आकड्यावर, आणि जरा वेळ तसंच ठेवलं. खाली मेस्केरेमची यादी होती. त्यात पहिलं नाव अजून वुबितचंच आहे. मृत्यूची नोंद मी केलेली नाही.

वऱ्हांड्यात परत आलो. तिने दुसरा कप ओतला.

"दादा, एक विचारू? गेताहुन परवा कोणाला तरी सांगत होता. म्हणाला, तारीख कुठलीही चालली असती. लोक काहीही बोलतात. पण तुम्ही सांगितलंत की मी त्याच्या तोंडावर सांगेन."

मी कप खाली ठेवला. या हाताने खोटी तारीख लिहायची नाही, एवढाच नवस होता. तोंडाचं त्यात काही नव्हतं. तरी म्हणालो, "खरं आहे. चालली असती."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण मला..."

तिने हात वर केला. मी थांबलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, पावसात नाचणाऱ्या पोरांकडे बघत होती.

"म्हणजे फाईल इथेच होती," ती म्हणाली. "या भिंतीपलीकडे. मी इथे रोज कॉफी ओतत होते तेव्हा."

"हो."

मातीच्या भांड्यात तिसऱ्या कपापुरती कॉफी होती. वाफ येत होती. देब्रितूने भांडं उचललं, वऱ्हांड्याच्या कडेवरून ते चिखलात ओतलं. मग कप धुवायचं पाणी निखाऱ्यांवर टाकलं, कप फडक्यात बांधले आणि पावसात उतरली. डोक्यावरून पदर घेतला नाही.

मी संध्याकाळी घरी आलो तो भिंतीभिंतीने, छपराछपराखालून. अंगावर एक थेंब पडू दिला नाही.